धुराडे, फायरप्लेसचे
लाकूड जाळणाऱ्या फायरप्लेसमधील धूर व वायू घराबाहेर नेणारा उभा मार्ग. यूरोप व उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत तो विशेष आढळतो. तापलेले वायू हलके होऊन वर चढतात आणि खोलीतील हवा मागोमाग ओढली जाते. हा ओढा मंदावला की धूर घरात परततो. काउंट रम्फर्ड यांनी १७९० च्या दशकात धुराड्याचा गळा अरुंद करून त्यात मोठी सुधारणा केली.

अमेरिकेतील रूढ नियमानुसार धुराडे छपराबाहेर पडते तेथून किमान ३ फूट वर, तसेच १० फुटांच्या आतील छताच्या कोणत्याही भागापेक्षा २ फूट उंच असावे. आतून भाजक्या मातीच्या नळ्यांचे किंवा स्टेनलेस स्टीलचे अस्तर हवे. घराच्या आतील बांधीव धुराडे आणि लाकडी वासे यांत निदान २ इंच मोकळी जागा ठेवतात. ही जागा दिसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण वर्षानुवर्षे तापणारे लाकूड पुढे कमी उष्णतेनेही पेट घेते, म्हणून हा नियम सर्वांत महत्त्वाचा मानावा.

ओल्या लाकडाचा धूर थंड भिंतींवर क्रिओसोट या डांबरासारख्या ज्वालाग्राही थराच्या रूपाने साचतो. तो पेटल्यास धुराड्याला तडे जातात. त्यामुळे इंधनात ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी असावा. धुराड्याची तपासणी दरवर्षी करावी आणि घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवावे.