उणे अठरा आले कुठून?

गोठवलेल्या मटारच्या पाकिटावर ‘उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवा’ अशी सूचना असते. पाणी तर ० अंशाला गोठते, मग हा उणे १८ चा आकडा आला कुठून? एखाद्या विद्यार्थ्याने हे विचारले, तर उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९१२ साली क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकी निसर्गनिरीक्षक लॅब्राडॉरला गेला. तेथील इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे पकडत. बाहेर काढलेला मासा झोंबऱ्या वाऱ्यात पाहता पाहता दगडासारखा कडक होई. पण पुढे केव्हाही शिजवला तरी ताज्यासारखा लागे. बाजारातला गोठवलेला मासा मात्र लिबलिबीत असे. असे का? ० ते उणे ५ अंश या टप्प्यात पेशींतील बहुतेक पाण्याचा बर्फ होतो. हा टप्पा रेंगाळत पार झाला, तर स्फटिक मोठे होऊन पेशी फाटतात. झटकन पार झाला, तर ते बारीक राहतात. बर्ड्‌सआयने पाकिटबंद अन्न अतिथंड धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबून गोठवण्याचे यंत्र बनवले. ६ मार्च १९३० रोजी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड शहरातल्या दुकानांत असे अन्न विक्रीला आले.

पण ते टिकवायचे किती थंडीत? अमेरिकेत ० अंश फॅरनहाइट हा सोयीचा, पूर्ण आकडा रूढ झाला. त्याचेच सेल्सिअसमध्ये उणे १७.८ होतात! हे शून्य फॅरनहाइटने १७२४ साली बर्फ, पाणी व नवसागर यांच्या मिश्रणावरून सांगितले होते. जंतूंशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे कॅलिफोर्नियातील सरकारी प्रयोगशाळेत निरनिराळ्या तापमानांना अन्नाचा रंग, चव व जीवनसत्त्वे किती काळ टिकतात, हे तपासले गेले. काही अंशांची वाढही टिकण्याचा काळ बराच घटवते, असे दिसले आणि जुन्या प्रथेला आधार मिळाला.

म्हणजे उणे १८ ही जंतूंची मरणरेषा नव्हे. या थंडीत जंतूंची वाढ थांबते, पण त्यांतले पुष्कळसे जिवंत राहतात. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातील पाच देशांत गोठवलेल्या मक्यातून लिस्टेरिया जिवाणू पसरला. ४७ जण आजारी पडले, ९ दगावले. म्हणून अशा भाज्या नीट शिजवूनच खाव्यात.

आपल्याकडे वीज जाते, तेव्हा हे अधिकच लक्षात ठेवायला हवे. दार न उघडल्यास भरलेला स्वतंत्र फ्रीझर साधारण ४८ तास, तर अर्धा भरलेला २४ तास थंडी राखतो. एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा मात्र बहुधा उणे १८ पर्यंत पोचतच नाही. त्याच्यावर इतका भरवसा ठेवू नये. बर्फाचे खडे अजून दिसत असतील, तर अन्न पुन्हा गोठवता येते; चव थोडी उतरेल इतकेच. पण वितळून ४ अंशांच्या वर दोन तासांहून अधिक राहिलेले मांस, मासे किंवा शिजवलेले अन्न टाकून द्यावे.

गावाला जाण्यापूर्वी करण्याजोगा एक प्रयोग आम्ही सुचवतो. वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवा. परत आल्यावर नाणे वर असेल तर ठीक. ते बर्फात तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले आहे. दिसायला अन्न तसेच असते. खरे काय ते नाणे सांगते.