शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत : नेहमीची आणि दुर्मीळ

छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातील सकरी येथे ८ नोव्हेंबर २०१४ रोजी झालेल्या नसबंदी शिबिरात एकाच शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ महिलांवर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केल्या. शासकीय निकषांनुसार दिवसाची मर्यादा ३० होती. एवढ्या वेगात उपकरणे निर्जंतुक करण्यास अवधी कोठून मिळणार? उलट्या व पोटदुखीने महिला अत्यवस्थ झाल्या. त्या दिवसांतील जिल्ह्यातील शिबिरांमध्ये मिळून किमान १३ महिला दगावल्या. कारण जंतुसंसर्ग की दूषित गोळ्या, याबाबत मतभेद झाले.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन दिवसांतील सौम्य ताप बहुधा आपोआप उतरतो. जखमेतील संसर्ग साधारणतः पाचव्या दिवसानंतर दिसतो. टाके उकलून पू वाहू देणे हा त्यावरील मुख्य उपचार असून प्रतिजैविके पूरक ठरतात. संसर्ग रक्तात भिनून रक्तदाब घसरल्यास मात्र शिरेवाटे प्रतिजैविके व द्रव तासाभरात सुरू करणे आवश्यक असते. पायातील शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रुग्णाला लवकर चालविले जाते, जोखीम असल्यास हेपारिन दिले जाते.

भुलीच्या काही औषधांमुळे स्नायू ताठरून शरीराचे तापमान झपाट्याने वाढण्याचा आनुवंशिक विकार अत्यंत दुर्मीळ आहे. त्यावर डॅन्ट्रोलिन हेच नेमके औषध होय.

सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.