झिजलेल्या ब्रशाची बखर

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात इंझोरी हे गाव आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन या पिकांवर जगणाऱ्या त्या वऱ्हाडी मुलखात एका घरच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. घरातील वृद्ध माउली नातवाच्या लेंग्यात नाडी घालीत होती. तिच्या हाती सुई नव्हती की सेफ्टीपिन नव्हती. होता तो दात घासण्याचा एक जुना ब्रश. त्याचे केसांचे टोक तिने कापून टाकले होते आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला जे भोक असते त्यात नाडी ओवली होती. दांडा नेफ्यातून सुळकन पुढे सरकत होता आणि मागोमाग नाडी येत होती. आम्ही सहज म्हणालो, “मावशी, हा अजून टाकला नाही का?” तिने मान वर न करताच उत्तर दिले, “फेकाचा काहून जी, फादर? अजून कामाचा हाये थो.”

उत्तर साधेच होते. परंतु ते आमच्या मनातून जाईना. ज्या वस्तूकडे आपण दिवसातून दोनदा पाहतो आणि तरीही जिच्याविषयी कधी विचार करीत नाही, अशा या ब्रशाला काही इतिहास आहे काय? आणि तो झिजल्यावर ‘अजून कामाचा आहे’ असे म्हणणाऱ्या हातांनाही इतिहास आहे काय? वाचकहो, या दोन्ही प्रश्नांचा मागोवा घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

आपल्या देशात ब्रशाच्या आधी दातवण होते. सुश्रुतसंहितेत दातवणाची काडी बारा अंगुळे लांब आणि करंगळीइतकी जाड असावी असे सांगितले आहे. झाडांची निवडही रसानुसार केलेली आहे. कडू रसाच्या काड्यांत कडुनिंब श्रेष्ठ, तुरट रसाच्या काड्यांत खैर, गोड रसाच्या काड्यांत मोह आणि तिखट रसाच्या काड्यांत करंज. वाशीम जिल्ह्यातीलच कारंजा शहराच्या नावाशी सहज जुळणारे हे झाड आजही वऱ्हाडात सर्वांच्या ओळखीचे आहे. खेड्यात या निवडीला बाभळीची जोड मिळाली. सकाळी शेताकडे जाता जाता बांधावरची काडी मोडायची, टोक चावून त्याचा कुंचला करायचा आणि दात घासून झाले की तीच काडी उभी चिरून तिने जीभ खरवडायची. मग ती मातीत टाकायची. एका काडीची दोन कामे झाली आणि चार पावसांत तिची माती झाली. ज्यांच्या घरी काडी नसे ते चुलीतल्या गोवऱ्यांची राख, कोळशाची पूड किंवा मीठ वापरीत. राखुंडी हा शब्द आपल्या आजीच्या पिढीच्या तोंडी सहज होता.

या जुन्या पद्धतीचे सरसकट गुणगान मात्र आम्ही करणार नाही. जाडसर राखेने दातांवरचे कवच झिजते. भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावण्याची सवय तर कित्येक मायबहिणींच्या जिवावर बेतली, कारण तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो. जुने ते सारे सोने नव्हते, हे मान्य करूनच पुढे जावयास हवे.

ब्रशाचा जन्म दूर देशी झाला. डुकराच्या मानेचे राठ केस हाडाच्या किंवा बांबूच्या दांड्यात बसवलेला ब्रश चीनमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस, १४९८ च्या सुमारास, वापरात आला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इंग्लंडमध्ये विल्यम ॲडिस याने १७८० च्या सुमारास असे ब्रश विकण्यासाठी बनवण्यास आरंभ केला. तुरुंगात असताना त्याने जेवणातले हाड राखून ठेवले, त्याला भोके पाडली आणि त्यांत केस बसवले, अशी कथा त्याच्याविषयी सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यातला योगायोग आम्हांला मोलाचा वाटतो. ज्या वस्तूचे जुनेपण आज आपल्याला अडचणीचे वाटते, तिची जन्मकथाच मुळी एका टाकाऊ हाडाची आहे.

पुढे खरी क्रांती झाली ती १९३८ साली. अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरदर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये नायलॉन शोधून काढले होते. हे नायलॉन बाजारात प्रथम आले ते वस्त्रांच्या रूपाने नव्हे, तर २४ फेब्रुवारी १९३८ रोजी विक्रीस निघालेल्या ब्रशाच्या केसांच्या रूपाने. बायकांचे नायलॉनचे पायमोजे त्यानंतर आले. डुकराचे केस पोकळ असत, ओले राहत आणि गळून पडत. नायलॉनचे धागे लवकर वाळत आणि मजबूत राहत. हाडाच्या दांड्याची जागा आधी सेल्युलॉइडने आणि पुढे इतर प्लास्टिकांनी घेतली. अशा रीतीने हाड आणि केस यांची नैसर्गिक वस्तू, जी कधीतरी कुजून जात असे, ती न कुजणारी झाली.

आपल्याकडे ब्रश घरोघरी पोहोचायला मात्र बराच काळ लागला. कोलगेट-पामोलिव्ह कंपनी भारतात १९३७ साली स्थापन झाली. देशी मंजनांनीही आपला मान राखला. माकडछाप काळे मंजन अनेकांना आठवत असेल. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत विको कंपनी सुरू केली आणि तिची वज्रदंती घराघरांत गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दात घासण्याच्या पेस्टचे नाव गाण्यांच्या सुरांवर बसून गावोगाव पोहोचले. बिनाकाच्या खोक्यातून प्लास्टिकची चिमुकली जनावरे निघत आणि मुले ती काडेपेटीत जपून ठेवीत, हेही आमच्या पिढीला ठाऊक आहे. बोटाने मंजन लावणारा हात हळूहळू ब्रशाकडे वळला तो या काळात.

याच शतकातला एक प्रसंग आम्हांला या सर्व इतिहासाचा मध्यबिंदू वाटतो. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींच्या सोबतीला काकासाहेब कालेलकर होते. साताऱ्यात जन्मलेल्या या मराठी माणसाने ती आठवण पुढे लिहून ठेवली. ते बापूंसाठी कडुनिंबाची काडी आणून तिचे टोक ठेचून मऊ करून देत. दात घासून झाल्यावर बापूंनी सांगितले की, वापरलेले टोक तेवढे कापावे आणि उरलेली काडी उद्यासाठी ठेवावी. काकासाहेबांना नवल वाटले. तुरुंगाच्या आवारात कडुनिंबाला काय तोटा? बापूंच्या म्हणण्याचा आशय असा होता की, मुबलक आहे म्हणून वाया घालवण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. काडी वाळून निरुपयोगी होईपर्यंत ती वापरली गेली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. इंझोरीच्या माउलीची काटकसर आणि येरवड्यातील काटकसर यांत फरक आहे. बापूंनी ती व्रत म्हणून पत्करली होती. कोरडवाहू कापसावर संसार रेटणाऱ्या घराने ती गरजेपोटी शिकली. लुगडे फाटले की त्याची गोधडी, गोधडी विरली की तिचे पोतेरे, ही क्रमवारी कोणा ग्रंथाने शिकवलेली नाही. म्हणून गरिबाच्या काटकसरीचे कौतुक करताना त्याच्या गरिबीचे कौतुक होणार नाही, याची काळजी आपण घेतली पाहिजे. मात्र गरज सरली तरी ती दृष्टी उरावी, एवढी अपेक्षा ठेवण्यास हरकत नसावी.

ती दृष्टी जुन्या ब्रशाच्या बाबतीत आपल्या घरांनी चांगलीच दाखवली आहे. अरुंद डोके, दाट केस आणि हाती धरण्यास लांब दांडा, या तीन गुणांमुळे जेथे बोट व फडके पोहोचत नाही तेथे ब्रश पोहोचतो. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून सोन्याच्या साखळीच्या कड्यांतील मळ काढावा तो जुन्या मऊ ब्रशानेच (मोती व कुंदनाचे दागिने मात्र त्याने घासू नयेत). शिलाई मशीनच्या दातेरी पट्टीखाली साचलेला कापसाचा भुगा, मिक्सरच्या भांड्यातील पात्यांचा तळ, स्टोव्हचा बर्नर, फणीचे दाते, नळाच्या तोटीची मागची बाजू, रॉकेलने धुवायची सायकलची साखळी, ही सारी त्याचीच ठिकाणे. शाळेत मुले कागदावर पाने ठेवून, रंगात बुडवलेला ब्रश पट्टीवर घासून तुषारांची नक्षी काढतात, तेही त्याचेच काम. देवळातील समया असोत की आमच्या वेदीवरील मेणबत्तीदाण्या, पितळेच्या नक्षीत अडकलेले तेल आणि मेण प्रथम गरम पाण्याने सैल करून मग ब्रशाने काढले तर धातूला ओरखडा पडत नाही. सेमिनरीत असताना सणाच्या आदल्या दिवशी हे काम आमच्याकडे असे. हत्यार अर्थातच जुना ब्रश.

दोन सूचना येथे केल्याच पाहिजेत. कामाला लावलेल्या ब्रशाच्या दांड्याला लाल दोरा बांधावा, म्हणजे लहान मूल तो चुकून तोंडात घालणार नाही. आणि मोरीचा ब्रश स्वयंपाकघरात आणू नये.

परंतु एवढ्याने प्रश्न संपतो काय? प्रामाणिक उत्तर नाही असेच आहे. ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलावा असे दंतवैद्य सांगतात आणि ते योग्यच आहे. त्या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबातून वर्षाला पंधरा ते वीस ब्रश निघतात. इतक्या नाड्या आणि इतक्या समया कोणत्या घरी असतात? महाराष्ट्रात २०१८ साली पिशव्या व तत्सम प्लास्टिकवर बंदी आली, देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरण्याच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. ब्रश त्यांत नाही. एकाच ब्रशात नायलॉन, कठीण प्लास्टिक, रबरासारखी मूठ आणि केस घट्ट बसवणारी धातूची बारीक पट्टी असते. हे सारे वेगळे करून पुन्हा वितळवणे भंगारवाल्यालाही परवडत नाही. चुलीत टाकावा तर विषारी धूर घरच्यांच्याच छातीत जातो. दुसरा उपयोग म्हणजे ब्रशाचे आयुष्य वाढवणे. त्याचा शेवट मात्र आपल्या हाती नाही. येरवड्यातील ती काडी वाळली आणि मातीला मिळाली. १९३८ नंतरचा ब्रश आपल्या नातवंडांनंतरही उरेल.

म्हणून या बखरीतून दोन गोष्टी घ्याव्यात असे आम्हांला वाटते. घरात जुना ब्रश असेल तर त्याला काम द्यावे, कारण त्यामुळे त्या कामासाठी दुसरी प्लास्टिकची वस्तू विकत घ्यावी लागत नाही. खरा लाभ येथेच आहे. आणि नवा ब्रश घेताना त्याचा शेवट काय होणार, एवढा विचार दुकानातच करावा. बांबूच्या दांड्याचे ब्रश आता मिळतात. त्यांचे केस बहुधा नायलॉनचेच असतात, तरी दांडा मातीत जातो.

इंझोरीहून निघताना नाडी घालून झाली होती. लेंगा घडी करून माउलीने तो दांडा पुसला आणि भिंतीवरच्या कोनाड्यात, सुईदोऱ्याच्या डबीशेजारी, परत ठेवून दिला. त्याला तेथे ठरलेली जागा होती.