घरून काम : आरोग्य आणि समतोल

कार्यालयापासून दूर राहून काम करण्याची कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील जॅक निलेस यांनी १९७३ मध्ये 'टेलिकम्युटिंग' हा शब्द प्रचारात आणला. भारतात मात्र ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली ती करोनाच्या साथीत. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मुंबई-पुण्यातील असंख्य कार्यालये रातोरात घरात आली. साथ ओसरल्यावर अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना परत बोलावले, तर काहींनी आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची सवलत कायम ठेवली. लोकलची गर्दी आणि हिंजवडीची वाहतूक कोंडी टळली, हा लाभ मोठाच. परंतु वाचलेला वेळ कर्मचाऱ्याच्या पदरात पडतो की कामातच विरून जातो, हा खरा प्रश्न आहे.

कामाचे तास

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयाचा रक्तपुरवठा खंडित होऊन मृत्यू येण्याचा धोका १७ टक्के अधिक असल्याचे त्यात आढळले. त्यामुळे काम संपवण्याची वेळ आधीच ठरवणे आणि त्या वेळी संगणक बंद करणे, ही केवळ शिस्त नसून आरोग्याची गरज ठरते.

मान, पाठ आणि डोळे

लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक जोडलेले असतात. पडदा नजरेसमोर आणला तर हात उचलावे लागतात. हात सोयीचे ठेवले तर मान वाकते. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवून स्वतंत्र कळफलक व माऊस वापरल्यास ही अडचण कमी खर्चात सुटते. पाय जमिनीवर टेकलेले आणि कमरेला आधार असावा. पलंगावर बसून काम करणे टाळावे. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहावे.

स्टेशनपर्यंतची पायपीट आणि जिन्यांची चढउतार थांबल्याने हालचालही घटते. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

घर आणि कार्यालय

घरून काम म्हणजे घरकामालाही मोकळीक, असा समज स्त्रियांना विशेष जाचतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. ही वाटणी बदलल्याशिवाय समतोलाची चर्चा अपुरीच राहते. सहकाऱ्यांशी चहाच्या वेळी होणाऱ्या गप्पा थांबल्याने येणारे एकटेपणही दुर्लक्षिण्याजोगे नाही.

कंपनीची जबाबदारी

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून अलिप्त राहण्याचा अधिकार कायद्याने मान्य झाला. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. तरीही रात्रीचे ई-मेल टाळणे, बैठकांमध्ये अंतर ठेवणे, योग्य खुर्ची पुरवणे, यांसाठी कायद्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. कर्मचाऱ्याने स्वतःला कितीही शिस्त लावली, तरी वरिष्ठांचा रात्री दहाचा फोन ती मोडू शकतो.