मालक ते मिस्टर : नात्यांच्या इंग्रजी शब्दांची गोष्ट

गटाच्या बैठकीत ओळख करून देताना आपण हल्ली कसं बोलतो, ते आठवून बघा. "माझे मिस्टर शेती करतात." "माझ्या सासूबाईंना आम्ही मम्मीच म्हणतो." लेकरं तर दुकानदारापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांना 'अंकल' म्हणतात. नात्यांचे हे इंग्रजी शब्द मुळात काय सांगतात आणि त्यांनी बायांच्या आयुष्यात काय केलं, ते आज आपण पाहू.

परतूरच्या माणसांना बाहेरचे शब्द काही नवे नाहीत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा आधी फारसी, मग उर्दू. जमिनीच्या जुन्या कागदांवर अजूनही 'वल्द' आणि 'जौजे' हे शब्द दिसतात. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे अमक्याची बायको. 'फारकत' हा शब्दही मूळचा अरबी. अक्का, अण्णा, अप्पा हे तर कन्नड-तेलुगूच्या शेजारातून आले आणि घरचेच झाले. म्हणून शब्द बाहेरून आला एवढ्यावरून त्याला आपण नावं ठेवणार नाही. त्याच्या पोटात काय आहे, एवढंच विचारायचं.

आधी मिस्टर घेऊ. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही जुनी रीत. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. एरवी 'हे', 'आमचे धनी', 'मालक', 'कारभारी', नाहीतर 'पोरांचे बाप'. मग शिकलेल्या घरांतून 'मिस्टर' आला. इंग्रजीत हा शब्द नावाच्या आधी लावतात, नुसता मिस्टर म्हणजे नवरा होत नाही. तो अर्थ आपण मराठी बायांनी दिला, कारण नाव टाळायला एक शब्द हवाच होता. गंमत अशी, की 'मिस्टर' निघाला 'मास्टर' या शब्दातून, आणि मास्टर म्हणजे मालक! 'हसबंड'चा मूळ अर्थही घरधनी असाच आहे. 'वाइफ' म्हणजे पूर्वी नुसतीच बाई, जशी आपल्याकडे जुन्या बोलण्यात कोणतीही बाई 'बायको' असायची. पुरुषही काही कमी नव्हते. 'आमचं कुटुंब आजारी आहे' म्हणजे बायको आजारी आहे. पुढं कुटुंबाच्या जागी 'फॅमिली' आली. त्या फॅमिलीचं मूळ रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत आहे, आणि तिथं तो शब्द धन्याच्या घरातल्या नोकर-गुलामांवरून निघाला. म्हणजे शब्द बदलला, पण मालकी तशीच राहिली.

आता अंकल-आंटी. आपल्याकडे काकू वेगळी, मामी वेगळी, आत्या वेगळी, मावशी वेगळी. माहेरचं कोण, सासरचं कोण, अडीअडचणीला कुणाकडं धावायचं, हे त्या हाकेतच कळतं. इंग्रजांकडंही एके काळी असंच होतं. काका, मामा, आत्या, मावशी यांना त्यांच्या जुन्या भाषेत चार निराळे शब्द होते. 1066 मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढं राज्यकर्त्यांच्या फ्रेंच भाषेतले शब्द घराघरांत शिरले आणि ते चारही शब्द हळूहळू मागे पडले. उरले दोनच, अंकल आणि आंट. त्यातला अंकल मुळात मामा आणि आंट मुळात आत्या. साहेबाला अंकल म्हटलं तर काही बिघडत नाही. पण मावशीची आंटी झाली, तर ही आईची बहीण, हे सांगणारा शब्द लेकरांच्या तोंडून जाईल.

हे झालं बोलण्यातलं. इंग्रजी शब्द कोर्टात आले तेव्हा मात्र बायांच्या आयुष्यालाच भिडले. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं होतं. मोठेपणी त्यांनी नांदायला जायला नकार दिला. 1884 मध्ये नवऱ्यानं दावा लावला. त्याचं इंग्रजी नाव होतं 'रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राइट्स', म्हणजे बायकोला नांदायला आणण्याचा हक्क. ही कल्पना इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेली. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. पण अपील झालं, आणि 1887 मध्ये निकाल फिरला : महिनाभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, मी तुरुंगात जाईन. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेत त्यांनी बायांचे दवाखाने चालवले. त्यांच्या खटल्यानं बालविवाहाची चर्चा पेटली. 1891 मध्ये संमतीवयाचा कायदा आला आणि वय दहावरून बारा झालं. आज ते फारच कमी वाटतं, पण लग्न झालेल्या मुलीच्याही संमतीचं वय असतं, हे कायद्यात पक्कं झालं.

इंग्लंडनं तो नांदायला आणण्याचा दावा 1970 मध्ये रद्द केला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 9 मध्ये अजून आहे. 'नांदायला ये' अशी कोर्टाची नोटीस येते ती हीच. ती आली तर घाबरू नका. कुणी हाताला धरून ओढून नेऊ शकत नाही. पण नोटीस कपाटातही ठेवू नका. तारखेला वकिलासोबत जा आणि का नांदत नाही ते कोर्टाला सांगा.

दुसरा शब्द डिव्होर्स. आपल्याकडे काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे जुनेच शब्द. अनेक जातींत काडीमोडही होता आणि पाटही लागत असे. आज मात्र स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून घेतात, दोन्हीकडचे सह्या करतात आणि बाई सांगते, "माझा डिव्होर्स झाला." हिंदू विवाह कायद्याप्रमाणे डिव्होर्स कोर्टाच्या हुकूमनाम्यानंच होतो. जातीची रूढी सांगायची, तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. मुस्लिम भगिनींसाठी तलाक आणि खुला यांचे नियम वेगळे आहेत. तेव्हा नुसत्या स्टॅम्प पेपरवर विसंबून दुसरं लग्न केलं, तर ते लग्नच अडचणीत येतं. आणि 'पोटगी मागणार नाही' असं त्या कागदावर लिहून दिलं असेल, तरी हक्क गेला असं समजू नका, आधी वकिलाला विचारा.

इंग्रजीतले काही शब्द मात्र आपल्या फायद्याचे आहेत. 'मेंटेनन्स' म्हणजे पोटगी. 'डोमेस्टिक व्हायोलन्स' म्हणजे घरातला छळ. त्याचा कायदा 2005 मध्ये झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात मारहाणच नाही, तर टोचून बोलणं, खर्चाला पैसे न देणं, दागिने विकणं हाही छळ धरला आहे. 'शेअर्ड हाउसहोल्ड' म्हणजे आपण राहतो किंवा राहत होतो ते सासरचं घर. ते आपल्या नावावर नसलं तरी तिथं राहायचा हक्क आहे. हा कायदा बायकोसाठीच नाही, तर त्याच घरातल्या आई, बहीण आणि विधवा सुनेसाठीही आहे. तक्रारीसाठी संरक्षण अधिकारी असतात. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करा. एक, प्रत्येकीनं उखाण्याशिवाय, सरळ, नवऱ्याचं नाव सांगायचं. दुसरी, कोणत्याही फॉर्मवर विवाहित, घटस्फोटित, विधवा की वेगळी राहणारी, यातला बरोबर शब्द स्वतः निवडायचा. तो दुसऱ्याला भरू द्यायचा नाही. कोऱ्या कागदावर सही नको आणि न कळलेल्या शब्दाखालीही सही नको.