मते कोणी खाल्ली? अकोल्याचा जुना हिशेब

आमच्या वागळे इस्टेटमध्ये विदर्भातून पोटासाठी आलेली बरीच घरे आहेत. निवडणुकीचा विषय निघाला की त्यांच्या गप्पांत ठाण्याचा उमेदवार मागे पडतो आणि गाडी थेट अकोल्याला पोचते. "बाळासाहेब पुन्हा पडले," असे एक जण हळहळत म्हणतो. दुसरा लगेच म्हणतो, "पडणारच. उभे राहतात ते मते खायला." आपल्या मुस्लिम मोहल्ल्यांत तर हे दुसरे वाक्य सर्रास ऐकू येते. ते कितपत खरे आहे, हे एकदा आकडे मांडूनच पाहू.

प्रकाश आंबेडकर हे बाबासाहेबांचे नातू. १९९० साली ते राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेले. १९९० च्या दशकात त्यांनी भारिप बहुजन महासंघ उभा केला. दलितांच्या जोडीला बंजारा, माळी, धनगर अशा छोट्या-मोठ्या ओबीसी जाती आणि मुसलमान, अशी ही मोट होती. तिला लोक 'अकोला पॅटर्न' म्हणू लागले. १९९८ मध्ये काँग्रेसशी समझोता झाला आणि रिपब्लिकन चळवळीचे चार खासदार एकाच वेळी महाराष्ट्रातून लोकसभेत गेले: अकोल्यातून आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले. १९९९ मध्ये आंबेडकर अकोल्यातून पुन्हा निवडून आले. त्यानंतर मात्र २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४, असे पाच वेळा अकोल्याने त्यांना नाकारले. पहिल्या चार वेळा भाजपचे संजय धोत्रे जिंकले, पाचव्या वेळी त्यांचे चिरंजीव अनुप धोत्रे.

आता हिशेब. २००९ मध्ये धोत्र्यांना २,८७,५२६ मते पडली, आंबेडकरांना २,२२,६७८ आणि काँग्रेसच्या बाबासाहेब धाबेकरांना १,८२,७७६. म्हणजे आंबेडकर दुसरे होते आणि काँग्रेस तिसरी. मग मते कोणी कोणाची खाल्ली? २०१४ मध्ये काँग्रेसने हिदायत पटेल यांना उभे केले. धोत्रे ४,५६,४७२, पटेल २,५३,३५६, आंबेडकर २,३८,७७६. या वेळी काँग्रेस जेमतेम पुढे राहिली. दोघांची बेरीज विजेत्यापेक्षा जास्त होती.

२०१९ मध्ये पुन्हा तेच तिघे. धोत्रे ५,५४,४४४, आंबेडकर २,७८,८४८, पटेल २,५४,३७०. ही बेरीज मुद्दाम करून पाहा. ती ५,३३,२१८ भरते, विजेत्यापेक्षा कमी. त्या वर्षी अकोल्यात कोणी माघार घेतली असती तरी भाजप हरला असता असे कागदावर दिसत नाही. तरीही त्या निकालानंतर 'वंचितने मते फोडली' हेच वाक्य ठाण्यापर्यंत आले. नांदेडबद्दल ते बोलणे मी समजू शकतो. तिथे अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी हरले आणि वंचितच्या उमेदवाराला १,६६,१९६ मते होती. अकोल्याला तो डाग लावणे मात्र अन्यायाचे आहे.

आपल्यासाठी अवघड प्रश्न दुसराच आहे. अकोल्याच्या मुस्लिम मतदारापुढे २०१४ आणि २०१९ मध्ये एका बाजूला आपल्या समाजाचा उमेदवार होता आणि दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांचा नातू. याच अकोल्याने १९६२ मध्ये मोहम्मद मोहिबुल हक यांना आणि १९६७ व १९७१ मध्ये असगर हुसेन यांना लोकसभेत पाठवले होते. (१९६२ हे आमच्या वागळे इस्टेटमध्ये एमआयडीसी सुरू झाली ते साल.) १९७७ नंतर ते दार बंद झाले. राज्याचीही तीच कथा. २००४ मध्ये अंतुले निवडून आले, त्यानंतर थेट २०१९ मध्ये औरंगाबादहून इम्तियाज जलील. तेही ४,४९२ मतांनी, आणि वंचित-एमआयएम युतीच्या जोरावर. ती युती त्याच वर्षी सप्टेंबरात, विधानसभेच्या तोंडावर तुटली. जागांच्या वाटपात दोन्ही बाजूंनी हट्ट सोडला नाही. औरंगाबादच्या मतदाराने जे करून दाखवले ते नेत्यांना चार महिनेसुद्धा सांभाळता आले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

छोट्या पक्षाची आणखी एक अडचण मला इलेक्शन ड्यूटीवर कळली. मान्यता नसलेल्या पक्षाला कायमचे चिन्ह नसते. आंबेडकरांकडे २०१९ च्या लोकसभेला कपबशी होती, २०२४ ला प्रेशर कुकर. घरच्या म्हातारीला दर वेळी नवे चित्र शिकवायचे, तेही दोन-तीन आठवड्यांत. तरी २००९ पासून दर वेळी दोन लाखांवर माणसे ते चित्र शोधून बटण दाबतात. अनामत वाचवायला एक षष्ठांश मते लागतात, आणि अकोल्यात त्यांना साधारण चौथा हिस्सा मिळत आला आहे. कोणत्याही अर्थाने हा हौशी उमेदवार नव्हे.

२०२४ चा हिशेब मात्र त्यांच्या बाजूने बोलत नाही. महाविकास आघाडीशी बोलणी फिसकटली. वंचितने कोल्हापुरात शाहू छत्रपतींना आणि नागपुरात काँग्रेसच्या विकास ठाकरेंना पाठिंबा दिला, पण अकोल्यात काँग्रेसने अभय पाटील यांना उतरवले. अनुप धोत्रे ४,५७,०३०, पाटील ४,१६,४०४, आंबेडकर २,७६,७४७. फरक फक्त ४०,६२६ मतांचा. या वेळी 'मते खाल्ली' म्हणणाऱ्याला गप्प करायला माझ्याकडे आकडा नाही. मी त्याला एवढेच विचारतो, की अकोल्याची ती एक जागा सोडली असती तर काँग्रेसचे असे काय जात होते? आणि तो मला उलट विचारतो, मग कोल्हापूर-नागपूरला जमलेले बाळासाहेबांना घरच्या मैदानावर का जमले नाही?