गावठी कोंबडी आणि अंड्याचा रंग

वऱ्हाडातल्या आठवडी बाजारात अंड्यांची टोपली घेऊन बसलेल्या बाईला गिऱ्हाईक आधी भाव विचारीत नाही. एक अंडे उचलते, उजेडात धरते आणि म्हणते, "गावरानच आहे ना?" अंडे तांबूस निघाले की समाधान. पांढरे निघाले की, "हे पांढरं काहून?" आणि मग घासाघीस सुरू. अंड्यांचा पैसा हा घरच्या बाईचा पैसा. कापसाची पट्टी धन्याच्या हाती पडते, पण मिठा-तेलाला आणि पोराच्या वहीला खुराडेच कामी येते. म्हणून वाचकहो, या रंगाची चौकशी थोडी मागे जाऊन करू या.

आधी कोंबडीचे पाय बघा. पुष्कळ कोंबड्यांचे पाय पिवळे असतात. कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, पण पिवळी कातडी त्याच्याकडून आलेली नाही. ती राखी रानकोंबड्याकडून आली, असे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी 2008 साली दाखवून दिले. हा राखी रानकोंबडा खास आपल्या देशातला. मेळघाटच्या जंगलात पहाटे ओरडतो तो हाच. म्हणजे संकर ही काही सरकारी खात्याने काढलेली नवी टूम नव्हे. एखादा रानकोंबडा गावकुसाशी आला आणि काम करून गेला!

ठरवून केलेला संकर गावोगाव पोचला तो मात्र स्वातंत्र्यानंतर. 2 ऑक्टोबर 1952 रोजी समूह विकास योजना सुरू झाली. त्या वेळी अमरावती आणि अकोला हे जिल्हे मध्यप्रदेशात होते, आणि दिल्लीला शेतीचा कारभार अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख बघत होते. त्या काळात देशभर सुधारणेचा मार्ग एकच सांगितला जाई : गावठी नर काढा आणि जातिवंत विलायती नर सोडा. हिशेब साधा होता. दहा कोंबड्यांमागे एक नर, पण प्रत्येक पिलात निम्मे रक्त त्याचे. म्हणजे एक पक्षी बदलला की अर्धा कळप बदलला. गावठी कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते. लेगहॉर्न अडीचशेच्या पुढे जाते. मधली पोर निदान आईपेक्षा तरी सरस निघेल, ही अपेक्षा काही चुकीची नव्हती.

पण घोडे अडले ते खुडूक होण्यापाशी. आपली गावठी कोंबडी खुडूक होते, 21 दिवस अंड्यांवर बसते, पिले काढते, घार आली की पंखाखाली घेते. लेगहॉर्नमधून हा गुण निवडून निवडून काढून टाकलेला, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. कारखान्याला ते परवडते. अंगणात मात्र पुढची पिढी काढणार कोण? शिवाय पांढरा पक्षी घारीला लांबून दिसतो आणि अंडेही फिकट पडते. जास्त अंडी देणारी कोंबडी हाती आली, पण आई गेली. घरच्या बायांनी एकदोन जुन्या कोंबड्या हट्टाने ठेवल्या, त्याला अडाणीपणा म्हणणारे चुकले, असे मला वाटते.

आता रंगाचे. गुरुजी, वर्गात हे करून दाखवा. तांबूस अंड्याचे कवच फोडून आतली बाजू मुलांना दाखवा; ती पांढरी असते. तांबूस रंग कवच तयार होताना शेवटी शेवटी वरून चढतो. निळी अंडी देणाऱ्या कोंबड्या दक्षिण अमेरिकेत चिली देशात आहेत. त्यांचे कवच आरपार निळे. इंग्लंडचे पनेट यांनी 1933 साली दाखवले की हा निळा रंग वंशात वरचढ ठरतो : आईबापांपैकी एकाकडून जरी आला तरी अंड्यावर दिसतो. निळ्या आणि तांबूस जातींचा संकर केला की अंडे हिरवट होते, कारण निळ्या कवचावर तांबूस लेप बसतो. आपल्याकडच्या लेगहॉर्न आणि गावठीच्या संकरात असा एका बाजूचा निकाल लागत नाही. अंडे मलईसारखे, मधल्या रंगाचे येते.

आणि कडकनाथ? झाबुव्याचा हा पक्षी मांसाने काळा, पण त्याचे अंडे काळे नसते, फिकट तांबूस असते. काळे अंडे म्हणून कोणी दुप्पट भाव मागितला तर टोपली परत करावी. कवचाच्या रंगाने अंड्याचा कस वाढत नाही, की दाणा बदलून रंग बदलत नाही.

पुढे संशोधकांनीच जुनी चूक ओळखली. बंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज आणि ग्रामप्रिया ही रंगीत पिसांची वाणे परसासाठीच काढली, आणि त्यांची अंडी तांबूस असतात. पण एक ध्यानात ठेवा. ही पिले संकरातून काढलेली असतात. त्यांच्याच अंड्यांतून घरी पुन्हा पिले काढली तर आईबापांचा गुण सारखा उतरत नाही, कळप हळूहळू विस्कटतो. तेव्हा ही पिले दर वेळी उबवणी केंद्रातून आणावीत, मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्यावी, आणि गावठी कोंबड्या व त्यांचा नर वेगळ्या खुराड्यात राखावा. त्यांच्यातली खुडूक झालेली कोंबडी डालग्याखाली बसली असेल तर तिला उठवू नका.